'सेंद्रिय' छापायच्या आधी थांबा: दुसऱ्या वर्षाच्या तुरीला लेबलवर काय म्हणायचं?



मागच्या व्हिडिओत डाळ-मसाल्याचं छोटं पॅकिंग युनिट कसं सुरू करायचं ते बघितलं. त्यात लेबलचा भाग मी तीन मिनिटांत उरकला, ती चूकच झाली. नंतरच्या वर्कशॉपमध्ये एक प्रश्न चार जणांनी चार तऱ्हेने विचारला: "सर, शेतकरी माझ्या ओळखीचा आहे. दोन वर्षं झाली, रानात युरियाचा दाणा टाकला नाही, फवारणी नाही. मग पाकिटावर 'ऑर्गॅनिक' लिहिलं तर काय बिघडलं?"

बिघडतं. आणि ते मला कसं कळलं ते आधी सांगतो, कारण हा धडा मी पुस्तकातून नाही, स्वतःच्या दुकानात शिकलो.

हिमायतनगरला माझं किराणा आणि धान्याचं दुकान आहे. तालुक्यातले एक शेतकरी, वडिलांच्या ओळखीचे, मी त्यांना काका म्हणतो. २०२३ च्या खरिपापासून त्यांनी तुरीच्या रानात रासायनिक खत आणि औषध बंद केलं. पहिल्या वर्षी तूर निघाली ती मी घेतली, डाळ करून आणली, आणि हौसेने ५०० स्टिकर छापले. हिरवं पान, त्यावर ठळक अक्षरात 'शुद्ध सेंद्रिय तूरडाळ'. बीबीए करताना ब्रँडिंगवर पूर्ण पेपर लिहिलेला माणूस मी, मला वाटलं आपण फार हुशारी केली.

आठवड्याभरात एक निवृत्त गुरुजी आले. पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "प्रमाणपत्राचा नंबर कुठं आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "गुरुजी, शेतकरी माझ्या घरचा आहे." ते म्हणाले, "मग 'माझ्या घरचा शेतकरी' असं लिही की. सेंद्रिय कामून लिहिलंस?" पाकीट ठेवून गेले. संध्याकाळी बसून नियम वाचले आणि उरलेले ३८० स्टिकर बंबात घातले.

गंमत म्हणजे खरा प्रश्न स्टिकरचा नव्हताच. पुढच्या महिन्यात काका दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "शेठ, पाकिटावर नाव चढलं, पण आडतीवर माझ्या तुरीला कोणी येगळं म्हनलं नाही. औंदा उतारा बी कमी आला. पुढच्या सालाला परत डीएपी टाकावं म्हंतो." माझं लेबल खोटं ठरलं होतं, आणि खरं लेबल कुठलं ते मला माहीत नव्हतं. त्या दोन्हींच्या मधे एक शेतकरी परत फिरायला निघाला होता.

मधली दोन-तीन वर्षं कोणाची?

रासायनिक शेती सोडली की दुसऱ्या दिवशी माल सेंद्रिय होत नाही. नियम असा की ठरावीक काळ सगळी पथ्यं पाळावी लागतात, तेव्हा तो माल 'सेंद्रिय' म्हणवतो. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात, म्हणजे एनपीओपीमध्ये, तूर-सोयाबीनसारख्या हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांना तीन वर्षं धरतात. याला संक्रमण काळ म्हणतात. आपण सोप्या भाषेत 'मधली वर्षं' म्हणू.

या मधल्या वर्षांत शेतकऱ्याची अवस्था ना घरका ना घाटका. खर्च आणि कष्ट सेंद्रियचे, भाव साध्या मालाचा. काकांच्या वहीतले आकडे गोळाबेरीज करून देतो. तुमच्याकडे वेगळे येतील, पण गणित असंच मांडा.

एक एकर तूर. आधी उतारा ६ क्विंटल, बदलाच्या वर्षात ४.५ क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल, तोच धरू. आधी हातात ४८,००० यायचे, आता ३६,०००. म्हणजे १२,००० ची तूट. खत-औषधाचे ४,००० वाचले. पण खुरपणीला जास्त माणसं लागली, निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, जीवामृत करायला वेळ आणि मजुरी गेली, ते ३,०००. निव्वळ खड्डा ११,००० रुपये एकरी.

आता हाच खड्डा दुकानाच्या बाजूने बघा. ४.५ क्विंटल तुरीची डाळ ७० टक्के धरली तर ३१५ किलो. ११,००० भागिले ३१५, येतात साधारण ३५ रुपये. एका किलो डाळीमागे ३५ रुपये जास्त मिळाले, तर तो शेतकरी मधल्या वर्षांत टिकतो. नाही मिळाले तर कृषी केंद्रावर उधारी लिहायला जातो. माझ्या दृष्टीने या सगळ्या लेबलच्या विषयाचं मोल त्या ३५ रुपयांत आहे.

"सरकार अनुदान देतं ना?" असं कोणीतरी म्हणणारच. देतं. परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून आहे. २० हेक्टरचा समूह करायचा, तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये मदत, त्यातले १५,००० निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात. चांगली गोष्ट आहे, घ्यायलाच पाहिजे. पण हेक्टरी १५,००० म्हणजे एकरी ६,००० च्या आसपास, आणि तेही तीन वर्षांचे मिळून. वर्षाला एकरी २,०००. खड्डा ११,००० चा. बाकीचे ९,००० कोणी भरायचे? ग्राहकाने, आणि ग्राहक तेव्हाच भरेल जेव्हा पाकीट त्याला खरं काय ते सांगेल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली. डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हा ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपुरतं होतं. म्हणजे पैनगंगेच्या पलीकडे उमरखेडच्या शेतकऱ्याला मिशन आणि अलीकडे आपल्याला नुसता नदीचा वारा. २०२३ मध्ये ते 'नैसर्गिक शेती मिशन' या नावाने राज्यभर झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली, २,४८१ कोटींचं. म्हणजे आता आपल्या भागातही गट होणार, माल येणार. तो माल विकणारे तुम्ही असाल, म्हणून हे आत्ताच समजून घ्या.

बाहेर काय करतात

अमेरिकेत 'काशी' नावाची नाश्त्याचे पदार्थ विकणारी कंपनी आहे. नाव काशी, गाव कॅलिफोर्निया. २०१६ मध्ये त्यांनी एका प्रमाणन संस्थेबरोबर 'सर्टिफाइड ट्रान्झिशनल' असं लेबल आणलं. तिकडे संक्रमण काळ तीन वर्षांचा, आणि त्या वेळी शेतजमिनीपैकी जेमतेम एक टक्का सेंद्रिय होती. कंपनीने विचार केला की सेंद्रिय गहू पुरेसा मिळत नाही, कारण शेतकरी मधली तीन वर्षं ओलांडायला धजत नाही. मग त्या तीन वर्षांतलाच गहू थोडा जास्त भाव देऊन घ्या आणि खोक्यावर सरळ तसं लिहा.

युरोपात तर हे कायद्यातच आहे. संक्रमणाचे १२ महिने पूर्ण झाले, आणि पदार्थात शेतातला एकच घटक असला, तर 'सेंद्रिय शेतीकडे संक्रमणातील उत्पादन' असं लिहिता येतं. पण त्यांचा हिरव्या पानाचा सेंद्रिय लोगो लावता येत नाही.

मला यातलं एकच घ्यावंसं वाटलं. 'अर्धवट सेंद्रिय' लपवायची गोष्ट नाही, विकायची गोष्ट आहे. आपण मात्र दोनच टोकं ओळखतो: एक तर साधी डाळ, नाही तर 'शंभर टक्के ऑर्गॅनिक'.

आपल्याकडचे लोगो, आणि त्यातला हिरवा

आता कायदा. खाद्यपदार्थावर 'सेंद्रिय', 'जैविक', 'ऑर्गॅनिक' यातलं काहीही लिहायचं असेल तर एफएसएसएआयचे २०१७ चे सेंद्रिय अन्न विनियम लागू होतात. ते १ जुलै २०१८ पासून अमलात आहेत. माल दोनपैकी एका पद्धतीने प्रमाणित पाहिजे: एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया. असं असेल तर 'जैविक भारत' हा लोगो लावता येतो.

एनपीओपीमध्ये बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासणी करते. कारभार अपेडाकडे. निर्यातीला हेच लागतं. याचं चिन्ह 'इंडिया ऑर्गॅनिक'. पैसे लागतात, कागद भरपूर लागतो, त्यामुळे बहुतेक मोठे गट आणि कंपन्या या वाटेने जातात.

पीजीएस म्हणजे सहभाग हमी पद्धत. ही आपल्यासारख्यांची वाट. गावातले किंवा जवळपासचे किमान पाच शेतकरी एकत्र येतात, शपथपत्र करतात, एकमेकांच्या शेताची पाहणी करतात, नोंदी ठेवतात, आणि वरची प्रादेशिक परिषद ते तपासून प्रमाणपत्र देते. तुमच्या धुऱ्यापलीकडचा माणूसच तुमचा इन्स्पेक्टर. शहरातले लोक याला हसतात, म्हणतात शेजारी शेजाऱ्याला पास करणारच. त्यांना खेड्यातले शेजारी माहीत नाहीत! तुमच्या रानात रात्री कोणता पंप चालला, हे शेजाऱ्याइतकं कोणाला कळतं? आणि एकाने फसवलं तर सगळ्या गटाचं नाव जातं, त्यामुळे डोळे उघडे राहतात. हे प्रमाणपत्र देशांतर्गत विक्रीसाठी आहे, निर्यातीला चालत नाही. आपली डाळ नांदेड, भोकर, किनवटच्या पुढे जाणार नसेल तर काही अडत नाही.

पीजीएसमध्ये दोन चिन्हं आहेत आणि आजच्या लेखात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. संक्रमण काळ पूर्ण झालेल्या मालाला 'पीजीएस-इंडिया ऑर्गॅनिक'. अजून मधल्या वर्षांत असलेल्या, पण रसायनं न वापरता पिकवलेल्या मालाला 'पीजीएस-इंडिया ग्रीन'. म्हणजे काशीवाल्यांनी २०१६ मध्ये जे आणलं, त्याच्या जवळपासचं चिन्ह आपल्याकडे सरकारीच आहे. किती दुकानदारांना माहीत आहे? मला बीबीए करून, सात वर्षं दुकान चालवून माहीत नव्हतं. 'ग्रीन' म्हणजे सेंद्रिय नाही, हे मात्र विसरू नका. त्या पाकिटावर सेंद्रिय शब्द घुसडायचा नाही आणि जैविक भारतचा लोगोही लावायचा नाही.

आता एक पळवाट लोक मला फॉरवर्ड करतात: "सर, १२ लाखांच्या आतल्यांना सर्टिफिकेट लागत नाही." अर्धंच वाचलंय. ती सूट लहान मूळ उत्पादकाला किंवा उत्पादक गटाला आहे, तोही जेव्हा थेट शेवटच्या ग्राहकाला विकतो तेव्हा. काका आठवडी बाजारात स्वतः पाल टाकून बसले तर ती सूट त्यांची. मी त्यांची तूर घेऊन, डाळ करून, माझ्या दुकानाच्या नावाने विकली तर मी मूळ उत्पादक नाही, सूट संपली. सूट असली तरी जैविक भारतचा लोगो प्रमाणपत्राशिवाय नाहीच.

'नैसर्गिक' लिहू का मग? २०१८ च्या जाहिरात आणि दावे विनियमांत 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'ताजं', 'पारंपरिक' या शब्दांनाही अटी आहेत. तिथे 'नैसर्गिक' हा शब्द पदार्थात काही मिसळलेलं नाही आणि फार प्रक्रिया केलेली नाही या अर्थाने येतो. शेतात काय फवारलं याच्याशी त्याचा संबंध नाही. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्यामुळे 'नैसर्गिक शेती' हा शब्द घराघरात गेला, हे खरं. पण शेतीचा शब्द आणि लेबलचा शब्द एकच असतो असं नाही. '१०० टक्के' हा शब्द तर टाळाच. एफएसएसएआयने २०२४ मध्ये '१०० टक्के फळांचा रस' असं लिहिण्यावर कंपन्यांना हरकत घेतली, आणि पुढे एकूणच '१००%' वापरू नका असं बजावलं.

चुकीच्या लेबलचा दंड अन्न सुरक्षा कायद्यात ३ लाखांपर्यंत आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा १० लाखांपर्यंत. व्हॉट्सअॅप स्टेटसही जाहिरातच असते, बरं का.

मधेच एक गोंधळ दूर करतो. भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, वेगळं. आपल्या लातूरकडच्या बोरसुरी तूरडाळीला आणि शेजारच्या वसमत हळदीला २०२४ मध्ये ते मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण जीआय माल कुठला ते सांगतं, कसा पिकवला ते सांगत नाही. जीआय हळदीला रासायनिक खत घातलेलं असू शकतं आणि त्यात काही गैर नाही.

साखळी कुठे तुटते

समजा गट झाला, ग्रीन मिळालं. आता तुम्ही काकांकडून गोणीत तूर आणली, मिलवर टाकली, तिथे आधी दुसऱ्याची तूर भरडली होती, मग तुमच्या दुकानात पाकिटं भरली. ती डाळ ग्रीन राहिली का? नाही राहिली. प्रमाणपत्र शेतकऱ्याच्या मालाचं असतं, तुमच्या गोडाउनचं नाही. एनपीओपीमध्ये तर प्रक्रिया करणारा आणि पॅक करणारा या दोघांनाही स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं.

आम्ही सोपा मार्ग काढला. गटानेच डाळ करायची, गटानेच भरायची, सील करायची, त्यांचं चिन्ह आणि नोंद त्यांनीच छापायची. मी फक्त विकणार. एकाकडे मिनी डाळ मिल आहे, ती त्या दोन दिवसांत दुसऱ्या मालाला लावायची नाही, आधी झाडून पुसून घ्यायची, आणि पहिली काही किलो डाळ वेगळी काढून घरी खायची. माझा ब्रँड पाकिटावर मोठा आला नाही, याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गुरुजींना आता नंबर दाखवता येतो.

बाकी लेबलवर काय काय लागतं ते व्हिडिओत आहे, इथे भराभर: पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसहित एमआरपी, त्याशेजारी एककामागचा विक्री दर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच नंबर, भरणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचा लोगो आणि १४ आकडी क्रमांक. नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर होते, एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. आणि १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीला ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीला नाही. तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर भाव ठरवताना हे धरा, नाहीतर ते ३५ रुपये तिथेच वितळतील.

गट नसेल तर?

तुमच्या गावात पाच जण अजून जमले नाहीत. शेतकरी एकटाच आहे, पण प्रामाणिक आहे. मग पाकिटावर जे खरं आणि दाखवता येण्यासारखं आहे तेवढंच लिहा. दुसऱ्या वर्षी, गट नोंदला होता पण ग्रीन मिळालं नव्हतं, तेव्हा आम्ही असं लिहिलं होतं: 'या रानात २०२३ च्या खरिपापासून रासायनिक खत व कीटकनाशक वापरलेलं नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र अजून नाही.' दुसरं वाक्य पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरात. काकांना विचारून गावाचं नाव टाकलं.

पण असं लिहायचं तर वही पाहिजे. कोणत्या तारखेला काय पेरलं, बियाणं कुठलं, कशाची फवारणी, किती. इथे एक जागा अशी आहे जिथे चांगले चांगले फसतात: बियाणं. कृषी केंद्रातून पिशवी आणली की दाण्याला बहुतेक वेळा औषध चोळलेलं असतं, रंग बघूनच कळतं. सेंद्रियच्या पथ्यात ते बसत नाही. घरचं बी ठेवायचं किंवा प्रक्रिया न केलेलं मागून घ्यायचं. आमच्याकडे बदनापूरच्या केंद्राची पांढरी तूर बरेच जण लावतात, घरचं बी राखता येतं, त्यामुळे तुरीला ही अडचण कमी. कापसाचं मात्र अवघड. बीटी चालत नाही, आणि बीटी सोडून कापूस आमच्या भागात शोधूनही सापडायचा नाही. पीजीएसमध्ये शेतकऱ्याने हळूहळू आपलं सगळं रान आणावं अशी अपेक्षा असते, म्हणजे 'तूर सेंद्रिय, कापूस बीटी' हे फार दिवस चालत नाही. गट करण्याआधीच हे बोलून घ्या.

धुऱ्याचंही तसंच. शेजारी सोयाबीनवर फवारतो, वारा इकडे. म्हणून कडेला पट्टा सोडायचा, त्यातला माल वेगळा काढायचा. 'औषधाचा अंशही नाही' असं मी पाकिटावर कधीच लिहिणार नाही. शेतकऱ्याने काय केलं ते मी सांगू शकतो, वाऱ्याने काय केलं ते नाही.

आमचं तर वहीमुळे एक अख्खं वर्ष बुडालं. काकांनी २०२३ मध्ये सगळं पाळलं, पण कागदावर काहीच नव्हतं. २०२४ च्या उन्हाळ्यात गट नोंदला तेव्हा तिथून मोजणी सुरू झाली. तुमच्या शेतकऱ्याला आज, आत्ता, एक ४० रुपयांची वही घेऊन द्या.

३५ रुपये पोचवायचे कसे

हा भाग मी कोणाच्या पुस्तकात वाचला नाही, त्यामुळे चूक असेल तर माझी.

पहिलं, ते ३५ रुपये माझ्या मार्जिनच्या बाहेर ठेवतो. साध्या डाळीवर जेवढं मार्जिन रुपयात घेतो तेवढंच यावर. टक्क्यात मार्जिन लावलं की शेतकऱ्याच्या ३५ वर दुकानदाराचे ७ चढतात आणि ग्राहकाला वाटतं सगळं सेंद्रियच्या नावाखाली लुटणं चाललंय. दुसरं, जास्तीचा भाव टक्क्यात ठरवत नाही, किलोमागे ठरलेली रक्कम. बाजार पडला की टक्का पण पडतो, आणि त्याच वर्षी शेतकऱ्याला गरज जास्त असते. तिसरं, पैसे कधी द्यायचे. तूर जानेवारीत निघते, डाळ वर्षभर विकते. मी सगळी तूर एकदम घ्यायला गेलो असतो तर माझं भांडवल अडकलं असतं. म्हणून वीस-बावीस ग्राहकांकडून संक्रांतीच्या आधी बुकिंग घेतो, वर्षाची डाळ, निम्मे पैसे आगाऊ. त्यातून काढणीच्या वेळी गटाला रोख जाते. आडतीवर पट्टी होऊन पैसे हातात यायला जो वेळ लागतो, तो इथे लागत नाही. काकांना भावापेक्षा हेच जास्त आवडलं.

आणि फक्त तूर घेऊन भागत नाही. सेंद्रियमध्ये पिकाची फेरपालट करावीच लागते. मूग, ज्वारी, तीळ, हरभरा, हेही कुणी घेतलं पाहिजे. मी मूग घेतले तेव्हा चार महिने गोडाउनमध्ये पडून राहिले, शेवटी भावात विकले. तो तोटा मी तुरीच्या हिशेबात धरतो.

ग्राहक किती मिळतात? आपल्या गावात फार नाहीत, खरं सांगतो. किलोमागे ३५ जास्त देणारे शिक्षक, बँकेतले लोक, लहान लेकरं असलेली घरं. परमेश्वराच्या यात्रेत मी स्टॉल लावला तर लोकांनी चव घेतली, भाव ऐकला आणि पुढे गेले. पण ज्यांना काउंटरवर बसवून 'ग्रीन म्हणजे काय' हे दोन मिनिटांत सांगितलं, त्यातले बरेच परत आले. 'सेंद्रिय आहे' असं म्हटलं की लोक शंका घेतात. 'अजून सेंद्रिय नाही, होऊ लागलंय' असं म्हटलं की विचारतात, किती दिवस राहिले?

गटाचं मात्र सोपं नव्हतं. २०२४ च्या नोव्हेंबरात शेंगा पोखरणारी अळी पडली. पक्षीथांबे होते, कामगंध सापळे होते, निंबोळी अर्काच्या दोन फवारण्या झाल्या, तरी एकाचा धीर सुटला आणि त्याने दुकानचं औषध मारलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगितलं. त्याच्यावर मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं, त्याला कोणी बोललं नाही. पण पाचातले चार राहिले, आणि चारांचा गट होत नाही. तीन आठवडे काका कोणाकोणाच्या ओट्यावर जाऊन बसले. शेवटी त्यांच्याच भावकीतल्या एक वहिनी दोन एकर घेऊन आल्या, ज्यांना आम्ही कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. आज गटात सगळ्यात नीट वही त्यांची आहे.

ज्याने औषध मारलं होतं तो या खरिपात परत आलाय. त्याचं घड्याळ पहिल्यापासून सुरू, त्यामुळे त्याची डाळ बाकीच्यांत मिसळायची नाही, वेगळी गोणी, वेगळी खूण. या रविवारी पाहणी आहे. चहा-बिस्किटं माझ्याकडून, आणि जमलं तर कॅमेरा नेतो. पीजीएसचा अर्ज कसा भरायचा आणि पाहणीच्या वेळी काय काय विचारतात, ते पुढच्या व्हिडिओत त्यांच्याच तोंडून ऐका.